रडायची ओळ

मुख्याध्यापकांची आई वारली तेव्हा शाळेच्या फळ्यावर कुणीतरी इंग्रजीत श्रद्धांजली लिहिली. आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. कदम सर तेवढे हळूच पुढे गेले, खिशातून खडू काढला, राहिलेला 'the' घातला आणि परत येऊन मान खाली घातली.

अहमदपूरच्या या शाळेत इंग्रजीला आम्ही दोघंच. व्याकरण, पत्रलेखन सरांकडे. धडे, कविता माझ्याकडे. त्यांच्या लेखी माझा विषय हा विषयच नव्हता.

"मॅडम, भाषा आली की पोरगं लातूरला पुढं शिकाया जातं. साहित्य शिकून काय करतं? खिडकीतून भाईर बघतं."

कवितेतली आई मेली की माझ्या तासाला मुली डोळे पुसत. पुढच्या तासाला सर त्याच ओळीवर बोट ठेवून विचारत, "मेली. काळ कोणता?"

"साधा भूतकाळ," अख्खा वर्ग सांगे.

सर खूश. "बघा, उत्तर येऊन राहिलं. रडायला मार्क कुठं हायेत?"

मागच्या वर्षी त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, किडनीच्या आजारानं अंथरुणाला खिळल्या. शाळा सुटली की सर एसटीनं लातूरला दवाखान्यात जात. दिवाळीच्या तोंडावर वहिनी गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेरावा झाला आणि सर इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात हजर. कुणी सांत्वन करायला गेलं तर "हां, ठीक हाय" म्हणून कामाला लागत.

एका दुपारी ते माझ्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसले. मी एका म्हाताऱ्याचा धडा वाचत होते. तो मेलेल्या बायकोच्या साड्यांच्या घड्या घालतो. मधली सुट्टी झाली, मुलं बाहेर पळाली. सर उठले नाहीत.

"मॅडम, ह्यात पोरी कोणत्या ओळीला रडतेत? दाखवा मला."

"का, सर?"

"मला रडू येऊन न्हाई राहिलं. ती गेली तवापासून. भावकी म्हणती, दगड हाय."

त्यांनी पुस्तक पुढे केलं. मला ओळ दाखवता येईना. मी विचारलं, "वहिनी शेवटचं काय बोलल्या?"

सरांनी पुस्तक मिटलं. "म्हणली, पंखा बंद करा, तुम्हाला सर्दी हुईल."

"मग?"

"तिला लई उकडत होतं, मॅडम. सगळं अंग घामानं भिजलेलं. तरी म्हणली..."

चष्मा काढून त्यांनी बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड धरलं.

घंटा झाली. मुलं पायऱ्या चढत होती. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि मुलांना कडुलिंबाखाली नेऊन बसवलं.