बॅलेवालीचं डोकं

फरशीवाल्या मिस्त्रींनी सुईदोरा हातात घेतला, तो केवळ रात्री धड झोप मिळावी म्हणून.

लेक सहा वर्षांची झाली तरी आईबापाच्या मध्ये आडवी झोपायची. आडवी म्हणजे अगदी आडवी. डोकं आईच्या कुशीत, टाच बापाच्या बरगडीत. तिची वेगळी खोली रंगवून झाली, पलंग आला, पण बाईसाहेब काही हलेनात. शेवटी तहाची बोलणी झाली.

"भिंतीवर माझी बॅलेवाली लावा, मग झोपते," ती म्हणाली. बॅलेवाली म्हणजे गोष्टीच्या पुस्तकातली, एका अंगठ्यावर उभी राहून गुलाबी फ्रॉक मिरवणारी मुलगी. "विकतची नको. बाबाने केलेली हवी."

बायकोने क्रॉस स्टिचच्या नक्षीचा कागद आणून दिला. तो पाहून मिस्त्रींना हसूच फुटलं. "हे तर चौकोन! एका चौकोनात एक फुली. अगं, जन्म गेला माझा चौकोन बसवण्यात!"

"अहो, कापडाच्या मधोमध सुरुवात करायची असते."

"काहीतरीच! कोपरा साधला की खोली साधली."

बायकोने नुसती मान डोलावली. (नवऱ्याला आधी आपटू द्यायचं आणि मग मलम लावायचं, ही तिची जुनी पद्धत.)

भिंत मोजून फ्रेम आधीच आणलेली होती. तिच्या मापाचं कापड घ्यायला मिस्त्री स्वतः गेले आणि तिथे शहाणपणा केला. दुकानदार बारीक विणीचं कापड देत होता. यांनी मोठ्या भोकांचं उचललं. छोट्या फरशा जीव खातात, मोठ्या भराभर उरकतात, हे काय त्यांना कोणी शिकवायला हवं होतं?

कामावरून आले की हातपाय धुवायचे, चष्मा चढवायचा आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून फुल्या लावत सुटायचं. बोटांची चाळण झाली. एकदा तर बॅलेवालीचा बूट त्यांच्याच पायजम्याला शिवला गेला आणि दाराची बेल वाजल्यावर दोघं मिळून दार उघडायला गेले. पण गडी मागे हटला नाही.

"बाबा, डोकं कधी येणार?" लेक रोज विचारायची.

"येतंय, येतंय."

ते कुठलं यायला! फ्रॉक संपला, खांदे झाले आणि वर कापड उरलं जेमतेम चार बोटं. फुल्या मोठ्या, त्यामुळे पोरगी चांगलीच थोराड झाली होती. फरशी असती तर शेवटचा तुकडा कापून कपाटाखाली ढकलता आला असता. इथे कपाटाखाली जाणार होतं ते डोकं.

"उसवा आता," बायको म्हणाली.

"छट्! बसवलेलं मी उखडत नसतो. कट पीस मारतो."

आणि मारला. मान सबंध वगळली. कपाळ वगळलं. अंबाडा थेट भुवयांवर टेकवला. नाकाखालच्या सावलीला काळा दोरा जरा सढळ पडला. फ्रेम भिंतीवर चढली (लेव्हल मात्र अशी, की एक केस इकडचा तिकडे नाही) आणि मिस्त्रींनी भीतभीत लेकीला हाक मारली. पोर इतके दिवस वाट बघतेय. हिरमुसली तर? आज ती या खोलीत झोपली नाही, तर पुन्हा कधी झोपायची नाही.

लेक आली आणि बघतच राहिली. बायकोने तोंडावर हात दाबून धरला.

"अय्या! हा तर बाबाच आहे!" लेकीने टाळ्याच पिटल्या.

मिस्त्रींनी वर पाहिलं. खांद्यात घुसलेलं डोकं, जाड भुवया, झुपकेदार मिशी. रोज दाढी करताना भेटणारा माणूस गुलाबी फ्रॉक घालून एका पायावर उभा होता. त्यांचे कान तापले. पण लेक उशी बगलेत मारून पलंगावर चढलीसुद्धा. "आता मला एकटीला भीती नाही वाटणार. बाबा आहे ना इथे."

मिस्त्रींना भरून आलं. लाज गेली, बोटांची आग गेली. ते पलंगाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "अगं, मी खराखुरा आहे की. आजची रात्र इथेच झोपू का तुझ्याजवळ?"

लेकीने आधी भिंतीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"नको, तू आईकडे जा. हा बाबा घोरत नाही."