काचेमागचे ठिपके

शिक्षणाधिकारी साहेब अकराला येणार होते आणि मुख्याध्यापिका बाई दहापासूनच व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. महिन्यापूर्वी सातवीत एक अंध मुलगी दाखल झाली होती. तिच्यासाठी बाईंनी प्रत्येक दारावर ब्रेल पाट्या लावून घेतल्या होत्या. उठावाचे ठिपके, बोटांनी वाचायचे. आसपासच्या एकाही शाळेत असलं काही नव्हतं.

साहेब आले. बाईंनी मुलीला आपल्या ऑफिसच्या दाराशी आणलं.

"वाच बघू, बाळ. साहेबांना ऐकू दे."

मुलीने हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"बाई, ही काच आहे."

बाईंनी शिपाईमामांकडे पाहिलं.

"फ्रेम करून घेतल्या ना, बाई," मामा ऐटीत म्हणाले. "नाहीतर पोरं हात लावून खराब करतात."

साहेबांना खोकला आला.

"काढा ती काच!" बाई कडाडल्या.

मामांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, काच उतरवली. मुलीने ठिपके चाचपले आणि एकदम ओठ दाबून धरले.

"अगं, मोठ्याने वाच ना!"

"नको, बाई."

"लाजतेस काय? मी आहे ना इथे!"

"मुलांची मुतारी," मुलीने खणखणीत आवाजात वाचलं.

"आता सगळे ठिपके सारखेच दिसतात हो," मामा पुटपुटले. "लावल्या अंदाजाने."

"मग मुतारीवर काय लावलंत?" साहेबांनी विचारलं.

बाईंना नेमका हाच प्रश्न नको होता. सगळी वरात तिकडे गेली, काच उतरली. मुलीने वाचलं, "मुख्याध्यापिका. परवानगीशिवाय आत येऊ नये."

साहेबांनी हसता हसता भिंत धरली. बाईंना धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. सावरून त्यांनी मुलीला विचारलं, "मग महिनाभर तू फिरतेस कशी गं?"

"पावलं मोजते. दारं सापडतात, बाई. गणित सापडत नाही."

"म्हणजे?"

"सर फळ्यावर दाखवतात, 'हे इथून काढलं की ते तिथे येतं.' मला हे पण कळत नाही आणि ते पण. बाबा म्हणतात, नसेल जमत तर घरी बस."

पाट्यांचा आकार, रंग, खिळे, सगळ्याबद्दल बाईंनी सगळ्यांना विचारलं होतं. या मुलीला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.

पुढच्याच तासाला त्या सातवीच्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला.

"तर ही बाजू..."

"कोणती ही?" बाईंनी मागून विचारलं.

सरांना घाम फुटला. "त्रिकोण अबक. अब आणि अक या बाजू सारख्या. म्हणून... म्हणून कोन ब आणि कोन क सारखे."

मुलीने हात वर केला. "म्हणजे सर, त्रिकोण कागदाचा कापून 'अ'मधून बरोबर मध्ये दुमडला, तर ब थेट क वर बसेल?"

सरांनी फळ्यावरच्या त्रिकोणात 'अ'पासून मधोमध रेघ ओढली. "बसेल की!"

"हां!" अख्ख्या वर्गाने एकदम श्वास सोडला.

"अस्सं होय!" बाईंच्याही तोंडून निघून गेलं. शेजारच्या मुलीने वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी खोकून वेळ मारून नेली. हा धडा त्यांनी स्वतः सात वर्षं शिकवला होता.