धुतलेले पाय पुन्हा धुतले, त्याची बखर

श्रीतारक येशूचे चरणी मस्तक ठेवून आरंभ. शके सोळाशे एकूणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरे, समुद्रकाठी एके राज्यी मानवेलराजे गादीवर असता वर्तमान जाहले ते ऐसे.

राजे बहुत भाविक. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तो कित्ता गिरवावा म्हणून दरसाल पवित्र गुरुवारी देवळात बारा गरिबांचे पाय स्वहस्ते धुवीत, आणि प्रजा धन्य धन्य म्हणे, आणि राजे मनी समजत की आपले ठायी नम्रता पुरती वसली. परंतु दिवाण मिंगेलपंत मोठे चतुर. हुजूरचे हातास घाण लागू नये म्हणून ते त्या बारांस पहाटेच विहिरीवर बसवून, रिठ्याने घासून, गुलाबपाणी लावून मग देवळात आणीत. राजांस याची वार्ताच नाही. त्यांस वाटे, आपले राज्यात चिखल म्हणून होतच नाही.

त्या साली बारावा गडी तापाने पडला, आणि ऐनवेळी मिठागरातला बस्त्याव धरून आणिला, आणि तोच घंटा वाजली, सबब त्यास विहीर घडली नाही. मग राजे एकेकाचे पाय धुवीत त्याजपाशी आले, आणि पाहतात तो टाचेस भेगा, बोटांत काळा गाळ, आणि एक जखम चिघळलेली. राजांचा हात आखडला. सारे देऊळ पाहात होते. मग भक्तीने नव्हे, लाजेनेच हात घातला, आणि बस्त्याव कळवळला.

"दुखले काय?" राजे पुसते जाहले.

"दुखणारच, महाराज. रोज मिठात उभा असतो. जरा हळू धुवा."

इतक्या सालांत पाय धुताना राजांशी कोणी बोलले नव्हते. पाणी काळे जाहले, अंगरखा भिजला, आणि राजे वाड्यात येऊन मिंगेलपंतांस खडसावून पुसते जाहले, तेव्हा विहिरीची हकीकत बाहेर पडली. राजे ऐकून बहुत खजील जाहले. आजवर आपण धुतले ते काय, म्हणून डोळ्यांस पाणी आणिले, आणि आज्ञा केली, "पुढील साली पाय जैसे असतील तैसे आणावे."

दिवाणांनी आज्ञा शिरी धरिली. दुसरे साली बारांस आधी रिठ्याने घासिले, मग वस्त्रगाळ तांबडी माती गुलाबपाण्यात कालवून पायांस बेताने लाविली. राजांनी पहिला पाय हाती घेतला, आणि वास येताच उमगले.

"बस्त्याव कोठे?"

"महाराज, त्याचा पाय फारच सडला. चारचौघांत दाखवण्याजोगा राहिला नाही," मिंगेलपंत म्हणाले.

मग राजांनी तांब्या उचलिला, आणि छत्र, वाजंत्री, पाद्री, सारे तेथेच टाकून एकटे मिठागराकडे चालते जाहले, आणि बस्त्यावाचे खोपटात भुईवर बसून जखम धुतली, पू काढिला, फडके बांधिले.

बस्त्याव म्हणाला, "महाराज, इथं तर बघायला कोणच नाय."

"तू आहेस की," राजे म्हणाले, आणि दुसरा पाय पुढे घेतला.

इकडे प्रजा देवळात ताटकळून घरी गेली, आणि राज्यभर बोभाटा जाहला की राजांची भक्ती आटली, यंदा कोणाचे पाय धुतले नाहीत. खरी हकीकत दवंडी पिटून सांगावी म्हणून मिंगेलपंतांनी आज्ञा मागितली. राजांनी दिली नाही. इतका मजकूर, जाहला तैसा लिहिला.