शिशाचा झगा

वैद्यकशास्त्राच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, असं मी छातीठोकपणे म्हणत असे! अर्थात मनातल्या मनात. मोठ्यानं म्हणण्याइतकी माझी छाती नाही. पण गर्वाला कारण होतं. नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं काढली. तिथल्या बहुतेक प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर माझ्या अक्षरातला आकडा आहे. हृदय कुठल्या कपाटात, मूत्रपिंड कुठल्या कपाटात, हे मी झोपेतही सांगितलं असतं! क्ष-किरण आणि तपासण्यांची पुस्तकं खिडकीजवळच्या शेवटच्या कपाटात. आकडा सहाशे सोळा पूर्णांक शून्य सात पाच सात!

आत काय छापलंय, ते मात्र मी कधी पाहिलं नाही. मी टेबलाच्या खणात कादंबऱ्या ठेवून वाचायचो. हे आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

माझी बायको प्रेमिला नागपूरजवळच्या कन्हानची. जगात कुणाला न भिणारी बाई, पण बंद दाराला भ्यायची. लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात न्हाणीघराला कडी होती, ती चाळीस वर्षांत लागली नाही. ती आंघोळीला गेली की मी बाहेर खुर्ची टाकून वाचत बसायचो. मधून मधून आतून आवाज यायचा, "हायेत ना?" मी पान उलटत म्हणायचो, "आहे!" आमच्या संसारातलं निम्मं संभाषण हे एवढंच.

गेल्या वर्षी तिची पाठ दुखू लागली. मग पाय बधिर. डॉक्टर म्हणाले, एमआरआय काढा. एका खासगी तपासणी केंद्रात आम्ही गेलो. तिथलं ते यंत्र तिनं दारातून पाहिलं आणि माझा हात धरला.

"मले नाही जमत बाप्पा! हे तर भुयार आहे!"

यंत्र चालवणारा धम्मदीप मोठा समजूतदार तरुण. म्हणाला, "मावशी, भेव वाटते तं काका येतील ना तुमच्यासंगं! डोकं अन् पाठ आत जाते, पाय बाहेरच राहते. काका पाय धरून बसतील. काका, पट्टा, घड्याळ, चष्मा, किल्ल्या, जे लोखंडाचं असन ते काढून ठेवा."

"याल ना?" प्रेमिलानं विचारलं.

"येतो की!" मी म्हणालो. अगदी नवरदेवासारखं म्हणालो!

पट्टा काढला. चष्मा काढला. आणि एकदम मनात आलं, या यंत्रातून किरण निघत असतील तर? ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेला माणूस असा बेसावध जाईल? मी धम्मदीपला विचारलं.

"काका, एमआरआयमध्ये रेडिएशन राहतच नाही. चुंबक आहे चुंबक!"

आता बघा, हा मुलगा रोज त्या खोलीत उभा राहतो. पण माझ्या मनानं विचार केला, हा काही डॉक्टर नव्हे. आणि आमच्या घरात तर डॉक्टर तयार होत होती! आमची नात वेदिका. मुलगा पुण्याला, पण ती शिकायला आमच्याकडे राहते. एमबीबीएसचं तिसरं वर्ष! मी बाहेर येऊन तिला फोन लावला. ती कॅन्टीनमध्ये होती.

"वेदू, एमआरआयच्या खोलीत किरणोत्सर्ग असतो का गं?"

"असतोच ना आजोबा! एवढी मोठी मशीन आहे! थांबा, विचारते. ए केयूर, एमआरआयला रेडिएशन असतं ना? गार्गी? हात वर करा रे सगळे!" मग कप आपटल्याचा आवाज. "आजोबा, पाच जणांत चार हो म्हणतात! तुम्ही बिलकुल आत जाऊ नका!"

पाचांत चार! निवडणुकीत एवढ्या मतांवर सरकार येतं!

पण मी प्रेमिलाला शब्द दिला होता. मग माझ्या मेंदूनं एक युक्ती काढली. शेजारच्या एक्स-रेच्या खोलीबाहेर खुंटीवर शिशाचा झगा टांगलेला होता. किरण अडवणारा! हे मला ठाऊक होतं, कारण एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र होतं. मी तो अंगात चढवला. काय वजन! जणू कुणी म्हशीचं रेडकू गळ्यात बांधलं! बंद मागे होते, ते सापडेनात. चष्मा नाही, पट्टा नाही. एका हातानं झगा, दुसऱ्या हातानं पॅन्ट, असा मी भिंतीला घासत निघालो.

बाकावर बसलेल्या एक इंदूबाई किंचाळल्या, "अरे बाप्पा! बाबाजी, लढाईले निघाले का?"

सगळा बाक हसला. दार उघडंच होतं. आत प्रेमिला त्या फळीवर आडवी झाली होती, मान वळवून दाराकडे बघत होती. मी एक पाऊल टाकणार, तोच धम्मदीप आडवा आला.

"काका, थांबा! हे काय करून राहिले? बक्कल आहे याले! खेचून घेईन मशीन! काढा पहिले!"

काढू कसा? मागचे बंद कसे कोण जाणे घट्ट बसले होते! मी ओढतोय, धम्मदीप ओढतोय, इंदूबाई उठून ओढताहेत! आणि या ओढाताणीत मी दुसरा हात सोडला. पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. अख्ख्या बाकानं पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी कुणासमोर सदऱ्याचं वरचं बटणही उघडं ठेवलेलं नव्हतं!

झगा निघाला तेव्हा धम्मदीप म्हणाला, "चला आता लवकर, पेशंटचा नंबर लागून आहे."

मी पॅन्ट धरून उभा होतो. पाचांत चार, पाचांत चार, असं डोक्यात वाजत होतं. "मी बाहेरच थांबतो," मी म्हणालो. "तिला सांगा, मी आहे."

दार लागलं. पस्तीस मिनिटांची तपासणी पंचावन्न मिनिटं चालली. घाबरली तर दाबायला हातात रबरी फुगा देतात, तो तिनं दोनदा दाबला. दोनदा यंत्र थांबवावं लागलं.

बाहेर आली ती घामानं भिजलेली. मला वाटलं, आता बोलेल! पण ती माझ्याकडे बघून हसली.

"दिसले मले तुम्ही दारात. पोतं घालून आले होते!" रिक्षात बसल्यावर मात्र हळूच म्हणाली, "मी सारखी पाय हालवून पाहत होती. वाटलं, आता तरी धरते का कोणी."

त्या दिवशीचा मूर्खपणा एवढ्यावर संपला असता तर बरं. मी वेदिकाला विचारलं, आजीच्या अंगातले किरण किती दिवस राहतात? ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "दोन-तीन दिवस जपा." मी सावध माणूस, आठ दिवस जपलं! बाहेरच्या दिवाणावर झोपलो. तुला ऐसपैस झोपता यावं म्हणून, असं प्रेमिलाला सांगितलं. तिनं विश्वास ठेवला. आतून विचारायची, "हायेत ना?" मी बाहेरून म्हणायचो, "आहे."

कर्करोग मणक्यात पसरलेला होता. तपासणीनंतर एक्केचाळीस दिवसांनी ती गेली. एक्केचाळिसातले आठ मी दिवाणावर घालवले.

मागच्या महिन्यात वेदिका कॉलेजातून खिदळत आली.

"आजोबा, आज मजा झाली! विद्यार्थ्यांना रेडिएशनच्या सेफ्टीबद्दल किती कळतं, त्याचा सर्व्हे होता. मला वीसपैकी सात! केयूरला पाच! अर्ध्याहून जास्त वर्गानं लिहिलं, एमआरआयमध्ये रेडिएशन असतं. सर कपाळ धरून बसले! अहो, शून्य असतं, शून्य!"

मी पोळी मोडत होतो. ती तशीच हातात राहिली.

तिचं हसू हळूहळू थांबलं. "आजोबा, आजीच्या वेळी तुम्ही मला फोन केला होता ना? कॅन्टीनमध्ये? काय विचारलं होतं?"

तिच्या डोळ्यांत भीती होती. अगदी प्रेमिलाची.

"कितीला घरी येतेस, ते विचारलं होतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही आत का नाही गेलात? ती तर पाय धरा म्हणत होती."

"मशीनचा आवाज फार मोठा होता गं. मला भीती वाटली."

"काय आजोबा! आवाजाला भ्यायलात?" ती सुटल्यासारखी हसली. "इतके कसे घाबरट हो तुम्ही!" आणि दुसरी पोळी घ्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो. खिडकीजवळचं शेवटचं कपाट. तिथलं एक जुनं पुस्तक काढलं, पाठीवर आकडा माझ्याच अक्षरात. तारखांची चिठ्ठी कोरी, एकाही विद्यार्थ्यानं ते कधी नेलेलं नव्हतं. तिसऱ्या प्रकरणात तक्ता होता. एमआरआयपुढं शून्य. ते पुस्तक मी तेवीस वर्षं पुसत होतो!

हे सगळं इथं लिहायला हरकत नाही. वेदिका इंग्रजी शाळेत शिकली, मराठीच्या चार ओळी वाचल्या की तिला जांभई येते. याचं मला फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. तरी तुमच्यापैकी कुणाला ती दवाखान्यात भेटली, तर कृपा करून विषय काढू नका.

आणि एक राहिलंच. वेदिकाला सांगितलं ते सगळंच खोटं नव्हतं. दार लागण्याआधी धम्मदीपनं ते यंत्र क्षणभर सुरू केलं होतं. आवाज खरोखरच फार मोठा होता हो.