गंगामाईचं वाटीभर दूध

पाणी सोडून अंकुशराव घरी येऊन टेकले नाहीत तोच गुंडेराव अण्णा चहाचा कप हातात धरूनच दारात उभे राहिले.

"अंकुशा, हे पिऊन बघ. चहा हाय का दवाखाना?"

चहाला औषधाचा उग्र वास होता. अंकुशराव गावचे नीरगंटी, म्हणजे टाकीत ब्लीचिंग पावडर टाकून गावाला पाणी सोडणारे. अकरा वर्षं झाली तरी नोकरी तात्पुरतीच होती. कायम करायचा कागद आता कुठे तालुक्याला पोचला होता आणि महिन्याभरात तपासणी होती. त्यात गुंडेरावांचं तोंड म्हणजे गावाचा भोंगा.

"पावडर कमी करतो, अण्णा."

पावडर निम्मी झाली. पुढच्या शुक्रवारी वास दुप्पट झाला. पाव केली, तर गावातल्या वरणालाही दवाखाना लागला. लोक दारात येऊन बोलून जायचे आणि आतून त्यांच्या बायको सुशीलाबाई हात जोडून म्हणायच्या, "गंगामाई सांभाळंल."

तपासणीला तालुक्याहून सोमशेखर साहेब आले, तेही शुक्रवारीच. त्यांनी नळीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायच्या औषधाचे दोन थेंब टाकले. रंग जेमतेम चढला.

"पावडर टाकतच न्हाई का, अंकुशराव?"

"साहेब, गाव म्हणतंय लई टाकतो."

"पावडर कमीच हाय अन् वास जास्त हाय. पाण्यात दुधासारखं काही पडलं, की त्यातल्या प्रथिनांच्या अमिनो आम्लाला पावडरीतलं क्लोरीन जाऊन चिकटतं. पावडर त्यातच संपती अन् वरून हा वास तयार होतो. टाकीत काय पडायलंय, हुडका. पंधरा दिवसांत वास गेला न्हाई, तर तुमचा कागद परत."

अंकुशराव टाकीवर चढले. झाकणाशी हळदकुंकू होतं, दुधाचा वाळलेला ओघळ होता आणि शेजारी त्यांच्याच घरची वाटी होती. ती घेऊन ते तडक घरी आले.

"अगं, टाकीत दूध टाकायलीस व्हय?"

"तुमची नोकरी कायम व्हावी म्हणून दर शुक्रवारी वाटीभर टाकत होते," सुशीलाबाई म्हणाल्या. "लोक बोंबलाय लागले तसं तांब्याभर केलं. कामून? कमी पडलं का?"

अंकुशरावांनी कपाळावर हात मारला. चांगलं खडसवायचं ठरवून आले होते, पण अकरा वर्षं आपल्यापेक्षा हिनंच जास्त मोजली, हे कळून त्यांना भरून आलं. त्यांनी टाकी उपसून घासली आणि पावडर पुन्हा पहिल्याइतकी सुरू केली. वास गेला. पाठोपाठ कायमचा हुकूमही आला.

सुशीलाबाईंनी लगेच पाच लिटरची किटली काढली. "नवस बोलले होते. फेडावा लागतो."

"टाकीत न्हाई!"

"मंग?"

"गावाला चहा पाजू. गंगामाईच्याच पाण्यात दूध पडंल, फक्त पातेल्यात."

हे सुशीलाबाईंना पटलं. दुपारी सगळं गाव पारावर जमलं. गुंडेरावांनी घोट घेतला, कप नाकाशी नेला.

"अंकुशा, औषधाचा वासच येईना की."

"व्हय ना, अण्णा!" अंकुशराव खुलले.

गुंडेराव लोकांकडे वळले. "बघा! कायम झाला न्हाई तोच यानं पावडर टाकायची सोडली."

संध्याकाळी तक्रारीचा अर्ज तालुक्याला निघाला. त्यावर बावीस सह्या होत्या आणि चहाचा एक डाग.