चार बोल्टांची खुर्ची

खुर्चीच्या बाबतीत आपल्याला कुणी टोपी घालू शकत नाही, असं स्वप्नीलचं ठाम मत होतं. आता हा तोच स्वप्नील, ज्याला कोथिंबीर आणायला पाठवलं तर मेथी घेऊन येतो. पण मंडळी, गेले काही आठवडे त्याने मोबाईलवर खुर्च्यांचे इतके व्हिडिओ बघितले होते, की कंबर कुठे टेकावी, मान कुठे टेकावी, कोपर किती उंचीवर राहावं, यावर तो जेवतानाही प्रवचन देई. ऐकायला घरात दोनच माणसं. बाबा म्हणजे लवू, बँकेतून निवृत्त झालेला, तो कानातलं यंत्र काढून ठेवी. आई म्हणजे सुभद्रा. तिच्या कानात यंत्र नव्हतं, त्यामुळे तिला सगळं ऐकावं लागे.

खुर्ची हवी होती ती कॉम्प्युटरवर गेम खेळायला. फोर्टमधल्या ऑफिसातून आला, की चहा ढोसून स्वप्नील जो त्या पडद्यासमोर बसे, तो जेवायला हाक मारेपर्यंत. आणि बसायचा कशावर? एका पायाने अधू झालेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, खाली उशी, मागे घडी घातलेली गोधडी. परिणाम व्हायचा तो झाला. पंचविशीतला पोरगा कोयत्यासारखा वाकला. बसला की उठवत नाही, उठला की बसवत नाही. एकदा तर देवाला नमस्कार करायला वाकला तो वाकलेलाच राहिला. आई आधी खूश झाली, म्हणाली, पोराला भक्ती सुचली. मग तिला खरा प्रकार कळला.

त्या दिवशी तिने निकाल दिला. सुभद्रा बोलायला लागली की गिरगाव मागे पडतं आणि थेट मालवण सुरू होतं.

"झिला, ह्या महिन्यात तुझी पाठ सरळ झाली नाय, तर ह्यां खोकां भंगारात घालतलंय."

खोकं म्हणजे कॉम्प्युटर. तो स्वप्नीलने पहिल्या पगारापासून पैसे साठवून, एकेक भाग आणून जोडला होता. त्याच्या काळजाचा तुकडाच तो. आणि सुभद्रा नुसतं बोलत नाही, करून दाखवते. लवूच्या सिगारेटी तिने अशाच एका सकाळी बंद केल्या होत्या, आजतागायत बंद आहेत. म्हणजे आता खुर्ची आली तर कॉम्प्युटर राहणार, नाहीतर दोन्ही हातांनी रामराम.

अडचण बजेटची. दिवाळीच्या बोनसमधून स्वप्नीलकडे उरले होते साडेतीन हजार. दुकानातल्या खऱ्याखुऱ्या गेमिंगच्या खुर्च्या त्याच्या चौपट-पाचपट. तरी गडी हटला नाही. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जाऊन तो प्रत्येक खुर्चीत बसून आला. एका खुर्चीत इतका आराम वाटला की झोपच लागली. सेल्समनने तासाभराने उठवून विचारलं, साहेब, घेताय की चहा सांगू? मग साडेतीन हजारांत बसणारी एक खुर्ची सापडली, तर तिच्यात स्वप्नील बसत नव्हता. ती बहुतेक शाळकरी पोरांसाठी असावी.

शेवटी कुणीतरी सांगितलं, रे रोडला जा. तिथे भंगारात काढलेल्या बोटींचं सामान मिळतं. पितळी दिवे, गोल खिडक्या, नांगर, काय वाट्टेल ते. स्वप्नील गेला, आणि दोरखंडांच्या ढिगामागे त्याला ती दिसली.

बोटीच्या कप्तानाची खुर्ची! काळंभोर जाड रेक्झिन. मानेला टेकू, कमरेला फुगवटा, दोन्ही बाजूंना रुंद हात. गरागरा फिरणारी, वर-खाली होणारी. खांबात जाडजूड स्प्रिंग, लाटांचे हादरे बसू नयेत म्हणून. वर सीटबेल्ट! बसल्याबरोबर स्वप्नीलच्या पाठीतून कडकड आवाज आला आणि डोळ्यांत पाणी. किंमत विचारली तर नेमकी साडेतीन हजारांत बसली. इतकी स्वस्त का, हे विचारावं असं कुणालाही वाटलं असतं. स्वप्नीलला नाही वाटलं. भंगारवाल्याने आपणहून सांगितलं, की हिला पाय नाहीत. खाली नुसती लोखंडी ताटली, तिला चार भोकं. बोटीत ती जमिनीला ठोकलेली असते, तुम्हीही ठोका. आणि त्याने वीतभर लांबीचे चार बोल्ट फुकट दिले. एकदा विकलेला माल परत घेत नाही, हेही सांगितलं. स्वप्नीलला त्यातलं 'फुकट' एवढंच ऐकू आलं.

आता हे लोक राहतात खोताच्या वाडीत, लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर. खाली मॉरिस अंकल आणि फिलोमिना आंटी. दोन्ही कुटुंबांचा तीस-पस्तीस वर्षांचा घरोबा. खालून नाताळात केक वर यायचा, वरून गणपतीत मोदक खाली जायचे. सध्या खाली लेक जोॲना बाळंतपणाला आली होती आणि तिचा आल्विन दोन महिन्यांचा होता. पोरगं गोड, पण रडायला लागलं की वाडीतली कुत्री माना खाली घालून निघून जात. त्याच्यासाठी जोॲनाने स्प्रिंगची झोळी आणून ठेवली होती, ती कोपऱ्यात तशीच पडून. कारण मॉरिस अंकलचा हट्ट. आपल्या आजोबांनी बांधलेल्या घराच्या छताला ते भोक पाडू देईनात. आयुष्य गोदीत फिटर म्हणून गेलेलं, पण घराला खिळा मारायचा म्हटलं की ते हातोडाच लपवून ठेवत. तेव्हा पोराला खांद्यावर घेऊन सगळे आळीपाळीने येरझाऱ्या घालत. डोळे सगळ्यांचे लाल.

शनिवारी टेम्पो वाडीच्या तोंडाशी थांबला, कारण आत शिरणं शक्यच नव्हतं. दोन हमालांनी खुर्ची चादरीत गुंडाळून डोक्यावरून आणली. वाडीने ती बघितली आणि वाडीने अर्थ लावला, की हॉस्पिटलची खुर्ची आली. म्हणजे लवूचं काही खरं नाही. संध्याकाळपर्यंत घरात चार शहाळी आणि डझनभर मोसंबी जमली. शेजारचा दत्ताराम तर लवूचा हात हातात घेऊन बसला आणि काही लागलं तर सांग म्हणाला. लवूच्या कानात यंत्र नव्हतं. तो नुसता हसून मान हलवत राहिला. दत्ताराम डोळे पुसत जिना उतरला. शहाळी मात्र लवूने सगळी स्वतः प्यायली.

रविवारी सकाळी योग जुळून आला. सुभद्रा परळला बहिणीकडे गेलेली. खालची मंडळी चर्चला निघालेली. स्वप्नीलने जिन्यातच मॉरिस अंकलना गाठलं आणि जरा ड्रिल देता का, विचारलं. कशाला, हे अंकलनी विचारलं नाही, पोराने आपणहून काम काढलंय याचंच त्यांना कौतुक. घरात जाऊन ड्रिल आणून दिलं, वर सांगितलं, "नीट वापर हां. लाकूड असेल तर हळू."

लाकूडच होतं. जुनं, पण ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं गेलं. स्वप्नील खूश. चार भोकं, चार बोल्ट, वरून हातोडा. खुर्ची जराशी डुगडुगत होती, पण कप्तान तिच्यात बसला. बेल्ट लावला. पाठ पट्टीसारखी सरळ. लवू समोरून बघत होता, त्यानेही अंगठा दाखवला. आयुष्यात एक काम तरी आपण बजेटमध्ये आणि वेळेवर केलं, या विचाराने स्वप्नीलचा ऊर भरून आला.

आपली जमीन हे दुसऱ्याचं छत असतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

चर्चहून आल्यावर फिलोमिना आंटीला टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर भुसा दिसला. तिला वाटलं वाळवी लागली. तिने झाडलं, चादर बदलली, रविवारचं जेवण मांडलं. मग जेवणाआधी देवाचे आभार मानायला डोळे मिटले, उघडले ते नेमके वर. आणि ती न ओरडता जिना चढून आली. आंटी ओरडली की बरं असतं. ती गप्प असली की समजायचं, प्रकरण मोठं आहे.

"स्वप्नील," ती शांतपणे म्हणाली, "खाली ये. आणि वर बघ."

स्वप्नील ड्रिल हातात घेऊनच खाली गेला. वर बघितलं. छतातून चार बोल्ट लोंबत होते, गाईच्या सडांसारखे. मॉरिस अंकल त्यांच्याखाली उभे. त्यांनी एकदा बोल्टांकडे बघितलं, एकदा स्वप्नीलच्या हातातल्या आपल्याच ड्रिलकडे बघितलं, आणि जेवणाच्या टेबलाशी मटकन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. अंकलचा पडलेला चेहरा बघून स्वप्नीलला स्वतःचाच इतका राग आला, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण जमिनीला भोकं पाडून काय होतं ते त्याने नुकतंच बघितलं होतं.

तेवढ्यात सुभद्रा परळहून आली. तिने खालचं ऐकलं, वरचं बघितलं, आणि दोन वाक्यांत कारभार आटोपला. खुर्ची आजच्या आज निघेल, भोकं उद्या सुतार बुजवेल, त्याचे पैसे स्वप्नील देईल. आणि खुर्ची नाही म्हणजे पाठ नाही, पाठ नाही म्हणजे खोकंही नाही. भंगारवाल्याला तिने तिथूनच फोन लावला. खुर्ची तो परत घेईना, पण कॉम्प्युटर आनंदाने घ्यायला तयार झाला.

स्वप्नीलने आईपुढे हात जोडले. तो काही बोलणार, इतक्यात आल्विनने जो टाहो फोडला, तो थांबायचं नाव घेईना. जोॲना त्याला खांद्यावर घेऊन टेबलाभोवती फिरत होती. फिरता फिरता तिचं लक्ष वर गेलं आणि पाय थांबले.

"डॅडी," ती म्हणाली, "भोकं तर आता पडलीच ना?"

मॉरिस अंकलनी मान वर केली. नजरेनेच बोल्टांमधलं अंतर मोजलं. मग त्यांच्यातला फिटर जागा झाला. उठले, डब्यातून वायसर-नट काढले, स्टुलावर चढून चारही बोल्ट खालून असे आवळले की वरची खुर्ची डुगडुगायची थांबली. एक लोखंडी पट्टी अडकवली, तिला स्वतः लोंबकळून बघितलं. छत जरासुद्धा कुरकुरलं नाही. कोपऱ्यातली झोळी पट्टीला टांगली आणि आल्विनला तिच्यात ठेवलं.

आल्विन आणखी मोठ्याने रडला. झालं, म्हणजे तेही गेलं.

स्वप्नील मान खाली घालून वर आला. सुतार उद्याचा, कॉम्प्युटर नेणारा संध्याकाळचा. तेव्हा शेवटचा एक डाव खेळून घ्यावा म्हणून तो खुर्चीत बसला. डाव रंगला. आता मंडळी, स्वप्नील काही नुसत्या बोटांनी खेळत नाही. शत्रू डावीकडे आला की हा उजवीकडे झुकतो, गोळी सुटली की हा उसळतो. कप्तानाच्या खुर्चीची स्प्रिंग वर-खाली, वर-खाली. डाव संपला, त्याने कॉम्प्युटर बंद केला, आणि दारात बघतो तर फिलोमिना आंटी. सुभद्रा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत धावली. आता ही काय ऐकवते, म्हणून तिचा जीव खालीवर.

"आत्ता तू काय करत होतास?" आंटीने विचारलं.

"काही नाही आंटी. सॉरी. बंद केलं."

"चालू कर," आंटी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "देवाशपथ चालू कर. वर तू उसळलास की खाली झोळी हलते. दोन महिन्यांत पहिल्यांदा झोपला रे तो."

त्या दिवसापासून सुतार आला नाही आणि भंगारवालाही आला नाही. नट खालून आवळलेले, बोल्ट वरून ठोकलेले. खुर्ची काढायची तर झोळी पडेल, आणि झोळीला हात लावायची वाडीत कुणाची छाती नव्हती. मॉरिस अंकल पाहुण्यांना छत दाखवून सांगू लागले, हे काम आमच्याच ड्रिलने झालंय. स्वप्नीलची पाठ महिन्याच्या आत सरळ झाली. गेम खेळतो म्हणून घरात कुणी चकार शब्द काढेना.

काढेना कसला, उलटंच झालं. खालून झाडूच्या दांड्याची टकटक आली की खेळायला बसायचं, असा नियम पडला. ऑफिसातून दमून आलाय, टकटक. रविवारी मित्रांबरोबर निघालाय, टकटक. शत्रूने पहिल्या मिनिटाला मारलं तरी उठायची सोय नाही, पुन्हा सुरू कर. खेळून खेळून स्वप्नीलला त्या गेमचा असा कंटाळा आला की विचारू नका. आईला म्हणाला, आज नको गं. सुभद्राने लहानपणी त्याला अभ्यासाला बसवलं नसेल इतक्या कडकपणे खेळायला बसवलं.

मग एका रविवारी दुपारी वाडीत केबलचं काम निघालं आणि लाईट गेली. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद. स्वप्नीलने देवाचे आभार मानले, गार लादीसारख्या त्या जुन्या लाकडी जमिनीवर चटई टाकली आणि सुखाने आडवा झाला. डोळा लागतोय, इतक्यात कानाखालीच टकटक.

तो हलला नाही. सुभद्रा तांदूळ निवडत होती. तिने सुपावरची मान वर करून खुर्चीकडे बोट दाखवलं.

"अगं आई, लाईट नाही. खेळू काय?"

"लाईट नाय ता त्या बाळाक काय म्हायत?" सुभद्रा म्हणाली. "बस, आणि हल. आणि पाठ सरळ ठेव."