साधनाचा लेप

पार्लरमध्ये जाऊन पैसे घालवणाऱ्या बायकांचं साधनाला मनापासून वाईट वाटायचं. "सगळं आपल्या मसाल्याच्या डब्यात असतंय," ती म्हणायची, "फक्त माहीत पाहिजे."

हसनाबादच्या बाजारगल्लीत तिचं पिको-फॉलचं दुकान होतं. तिथं साडीबरोबर सल्ला फुकट मिळायचा. ठेंगण्या बाईनं मोठ्या काठाच्या वाटेला जाऊ नये. पदराची पिन आधी एका मण्यातून ओवावी आणि मगच टोचावी, म्हणजे जरीला भोक पडत नाही. रानात जायच्या आधी तोंडाला खोबरेल चोळावं, घरी आल्यावर बेसनानं धुवावं. लिपस्टिक संपत आली की काडीनं कोरून गालाला लावावी. सल्ले खरंच उपयोगी होते, म्हणून बायकांचा तिच्यावर भरवसा होता. इतका, की तिनं मोबाइलवर बायकांचा ग्रुप काढला तेव्हा आसपासच्या खेड्यांतल्या सासुरवाशिणीसुद्धा त्यात आल्या.

तिच्या थोरल्या जावेच्या, म्हणजे पुष्पाबाईच्या मुलीचा, आकांक्षाचा साखरपुडा ठरला. पाहुणे मंठ्याचे होते. मुलाची आई प्रभावतीबाई, शाळेत मुख्याध्यापिका. बाई फार करारी आहेत, अशी बातमी आधीच येऊन पोचली होती. तेव्हा आपल्या घरच्या बायका कशा चमकल्या पाहिजेत, याची सगळी जबाबदारी साधनानं न विचारता अंगावर घेतली.

आदल्या दिवशी दुपारी तिनं ग्रुपवर खास नुस्का टाकला. टाइप करायचा तिला कंटाळा होता. ती मोबाइलशी बोलायची आणि मोबाइल लिहून घ्यायचा. त्या वेळी मशीन चालू होतं, दारात सोयाबीनचा टेम्पो उभा राहून हॉर्न वाजवत होता. साधना म्हणाली, "मेथी." मोबाइलनं लिहिलं, "मेंदी." बाकी सगळं त्यानं अगदी शुद्ध लिहिलं. दह्यात कालवायची, तोंडाला आणि मानेला जाड लावायची, वाळेपर्यंत ठेवायची, रंग बघा कसा खुलतो. साधनानं ते परत वाचलं नाही आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळानं शेजारच्या गिरिजाबाईचा फोन आला.

"साधना, तोंडालाच लावायची ना?"

"मंग काय कोपराला लावता?"

"न्हाई, म्हटलं रंग चढंल."

"चढू द्या की. त्यासाठीच तर लावायची."

"अन् टिकंल किती?"

"आठवडाभर बिलकुल हलत न्हाई," साधना अभिमानानं म्हणाली. गिरिजाबाईचं समाधान झालं.

स्वतः साधनानं काहीच लावलं नाही. लोकांचे ब्लाऊज शिवता शिवता तिला कधी आपल्या तोंडाकडं बघायला फुरसत झाली नव्हती.

सकाळी पुष्पाबाईचा फोन आला. "जल्दी ये," एवढंच म्हणून तिनं तो ठेवला. साधना केस न विंचरता धावली. पुष्पाबाई दारातच उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. साधना आत आल्यावर तिनं पदर वर केला.

जाऊबाईंचं तोंड पिकल्या भोपळ्याच्या रंगाचं झालं होतं. डोळ्यांभोवतीची जागा लेप लावताना सोडलेली, त्यामुळं पांढरा चष्मा घातल्यासारखं दिसत होतं. मागं ओसरीवर गिरिजाबाई होती, नणंदा होत्या, आत्या होत्या. एकेकीनं पदर बाजूला केला. ओसरीवर जणू झेंडूचा बाजार भरला होता.

"रात्री फिक्कट होतं," पुष्पाबाई रडवेल्या आवाजात म्हणाली. "सकाळी उठून पाह्यलं तर असं चढलं."

सासरे कडूबा कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "सगळ्याच भाजल्या का काय?"

साधनानं मोबाइल काढून स्वतःचा नुस्का वाचला.

"ताई, मी मेथी म्हटलं होतं हो."

"इथं तर मेंदी लिवलंय."

"पण मेंदी कुणी तोंडाला लावतं का?"

"आम्हाला वाटलं नवीन काही निघालं असंल," पुष्पाबाई म्हणाली. "तू सांगितलंस म्हणजे बराबरच असणार, म्हटलं."

साधनाला हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं. तिनं हळूच विचारलं, "अन् आकांक्षा?"

"पोरगी तेवढी वाचली. आत तयार होऊन राह्यली."

मग साधना कामाला लागली. लिंबू झालं, टमाटे झाले, बेसन झालं, शेवटी टूथपेस्ट झाली. तोंडं घासल्या हंड्यासारखी लखलखायला लागली, पण रंग जागचा हलला नाही. वर पावडर लावून पाहिली, तर संत्री पिठात लोळवल्यासारखी दिसायला लागली. तेवढ्यात साधनाचा नवरा भारत आत आला. पाहुणे अर्ध्या तासात पोचतायत म्हणाला, वहिनींकडं बघितलं आणि पुढचं बोलायचं विसरून गेला.

साधनानं डोळे मिटले. उघडले तेव्हा तिला सुचलं होतं.

"हळद," ती म्हणाली. "सगळ्यांनी तोंडाला हळद लावायची. साखरपुड्याला दोन्हीकडच्या बायकांनी हळद लावून घ्यायची आपल्यात रीत आहे म्हणायचं."

"आपल्यात कधी होती ही रीत?"

"आजपासून आहे."

प्रभावतीबाई गाडीतून उतरल्या तेव्हा दारात पिवळ्याजर्द तोंडांच्या बायकांची रांग उभी होती. त्या क्षणभर थबकल्या. साधनानं पुढं होऊन रीत सांगितली. प्रभावतीबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "आमच्याकडं न्हाई असं. पण चांगलंय, लावा." त्यांनी शांतपणे दोन्ही गाल पुढं केले. त्यांच्या बहिणीनं केले, जावेनं केले. ओटी भरली, साखर वाटली, अंगठ्या झाल्या. सगळा मांडव एकाच रंगात होता. कोण झाकतंय आणि कोण सजलंय, कुणाला कळत नव्हतं. साधनाच्या जिवात जीव आला आणि तिनं दोन जिलब्या खाल्ल्या.

जेवणं झाली. उन्हाचा ताव वाढला, घामानं हळद डोळ्यांत उतरू लागली. प्रभावतीबाई म्हणाल्या, "आता तोंड धुवायला हरकत न्हाई ना?"

हरकत घ्यायला साधनाजवळ कारण नव्हतं. रीतच तिनं अर्धी सांगितली होती.

अंगणातल्या नळावर प्रभावतीबाईंनी साबण लावून तोंड धुतलं. स्वच्छ झालं. बहिणीनं धुतलं, तेही स्वच्छ झालं. मग प्रभावतीबाईंनी तांब्या भरून घेतला आणि प्रेमानं पुष्पाबाईला हाक मारली. "या विहीणबाई, मी पाणी घालते."

पुष्पाबाईनं साधनाकडं बघितलं. साधनानं आभाळाकडं बघितलं. विहिणीनं पाणी घालायला तांब्या धरल्यावर नाही कोण म्हणणार? पुष्पाबाई वाकली, तिनं तोंड धुतलं आणि वर केलं.

"अजून थोडी राह्यली," प्रभावतीबाई म्हणाल्या. परत पाणी घातलं. "कानाजवळ पण आहे." परत साबण दिला. शेवटी त्यांनी आपल्या पदरानं स्वतः विहिणीचा गाल पुसला, जोर लावून पुसला. मग पदर बघितला. पदर कोरा होता.

प्रभावतीबाईंनी तोवर तोंडं धुतलेल्या गिरिजाबाईकडं बघितलं, नणंदांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं, हातातला तांब्या तिरपा झाला आणि पाणी त्यांच्याच पायांवर सांडत राहिलं.

"चूक माझी आहे," साधना पुढं येऊन म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. मेथी, मोबाइल, टेम्पो, सगळं तिनं सांगून टाकलं.

"अन् ती रीत?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"सकाळीच काढली."

प्रभावतीबाई खुर्चीवर बसल्या. आकांक्षा दाराशी उभी होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं. "तू न्हाई लावली मेंदी?"

"न्हाई. मी मेथी लावली. मला वाटलं काकूंकडून चुकून लिहिलं गेलं. मी ग्रुपवर तसं टाकलं पण होतं. पण त्याच्यावर सगळ्यांची गुलाबाची फुलं अन् जोडलेले हात आले, मंग ते त्याखाली दबून गेलं. कुणी वाचलंच न्हाई."

पुष्पाबाईनं मोबाइल काढून बघितलं. फुलांच्या ढिगाखाली लेकीचं वाक्य खरंच पडलेलं होतं.

प्रभावतीबाईंनी तो मोबाइल मागून घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचलं. साधनाला वाटलं, आता अंगठी परत मागतात. पण त्या उठल्या आणि पुष्पाबाईचा हात हातात घेतला. "विहीणबाई, वाचून मंग करणारी ही एक तुमच्यात आहे. ती आम्हाला द्या. बाकीच्या तुमच्यापाशीच ठेवा."

आधी कडूबा हसले. मग सगळेच हसले. हसताना बायकांची तोंडं आणखीच भगवी दिसू लागली. पाहुण्यांना निरोप द्यायच्या आधी फोटोग्राफर धम्मपालनं दोन्हीकडच्या बायकांना मांडवात एकत्र उभं करून मोठा फोटो काढला. साधना काही फोटोत उभी राहिली नाही. तिनं त्याला हळूच बाजूला घेतलं. "दादा, ह्यांच्या रंगाचं काही करता येईल का?"

"कॉम्प्युटर कशाला आहे?" धम्मपाल म्हणाला. "काळजी करू नका, काकू."

पंधरा दिवसांनी तो अल्बम घेऊन दुकानात आला. साधनानं पहिलंच पान उघडलं. पुष्पाबाई गव्हाळ दिसत होती. गिरिजाबाई जन्मापासून आहे तशीच दिसत होती. नणंदा, आत्या, सगळ्या ठाकठीक. साधनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिची नजर शेजारी गेली. भगवा रंग काढायचा म्हणून धम्मपालनं तो अख्ख्या फोटोतून काढला होता. त्यामुळं ज्यांची तोंडं आधीच चांगली होती, त्या आकांक्षा, प्रभावतीबाई, त्यांची बहीण आणि जाऊ एका रांगेत हिरव्यानिळ्या होऊन हसत होत्या, चार दिवस पाण्यात राहिल्यासारख्या.

"कसं काय, जमलं का?" धम्मपालनं विचारलं.

साधनानं अल्बम मिटला. ती म्हणाली, "दादा, हा अल्बम आपण जाळून टाकू."

"एवढा एक जाळा," धम्मपाल म्हणाला. "दुसरा कालच मंठ्याला पोचता केला."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. साधनानं त्यावरचं नाव बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते नीट, अक्षर न् अक्षर लावून वाचलं.